अलाइनरचा डबा घरी आला, डॉक्टर मात्र कधीच भेटले नाहीत

गेल्या वर्षी नागपुरात वर्धा रोडवरील एका मॉलमध्ये, 'सहा महिन्यांत दात सरळ' असा फलक लावलेल्या स्टॉलवर माझ्या २७ वर्षांच्या मुलीच्या दातांचे स्कॅनिंग झाले आणि अर्ध्या तासात ६८ हजार रुपयांचा व्यवहार पक्का झाला. स्कॅन करणारा तरुण दंतवैद्य नव्हता. त्याने एक्स-रे काढायला सांगितले नाही की हिरड्या पाहिल्या नाहीत. हप्त्यांची सोय करून देतो म्हणून त्याने मागितलेला ओटीपी कर्जमंजुरीचा होता, हे पहिला हप्ता कापला गेल्यावरच आम्हाला कळले.

पुढे कुरिअरने २४ अलाइनरचा, म्हणजे दात हळूहळू सरकवणाऱ्या पारदर्शक प्लास्टिक ट्रेचा डबा आला. दिवसाला २२ तास ट्रे घालायचा आणि दहा दिवसांनी बदलायचा, ही सूचना मुलीने नेमाने पाळली. गरम चहाने प्लास्टिक वाकते म्हणून घोटभर चहासाठीही ती ट्रे काढून ठेवत असे. तरीही पाचव्या ट्रेपासून वरच्या समोरच्या दाताशेजारचा लहान दात नीट बसेना. दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यामध्ये फट राहायची आणि तिच्यात लाळेचा बुडबुडा अडकलेला स्पष्ट दिसायचा. फोटो पाठवला की व्हॉट्सॲपवर ठरलेले उत्तर येई, 'नॉर्मल आहे, पुढचा ट्रे घाला.' आठव्या ट्रेला खालचे दात हलू लागले, तेव्हा मी तिला मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसरातील शासकीय दंत महाविद्यालयात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी समजावले की एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटरच सरकवतो, त्यामुळे मागचा ट्रे पूर्ण बसला नसताना पुढचा घातला, की राहिलेली तूट वाढत जाते. लहान, गुळगुळीत दात फिरवायचा किंवा खाली ओढायचा असेल तर त्यावर दाताच्याच रंगाचा छोटा उंचवटा चिकटवावा लागतो. तो कोणी चिकटवलाच नव्हता. अशी फट पडणे नेहमीचेच असून, वेळीच लक्षात आले तर मागचा ट्रे काही दिवस पुन्हा घालून, च्युई म्हणजे ट्रे दातांवर दाबून बसवणारी मऊ नळी चावून किंवा नवे स्कॅन करून ती सुधारता येते, असेही ते म्हणाले. हे ऐकून मला फार वाईट वाटले, कारण फट आम्हाला पाचव्या ट्रेच्या पहिल्याच दिवशी दिसली होती. एक्स-रेमध्ये खालच्या दातांभोवतीचे हाड आधीच झिजलेले आढळले. हिरड्यांचा तो आजार आटोक्यात आणल्याशिवाय दात हलवायलाच नको होते.

म्हणून पैसे देण्यापूर्वी उपचाराचा आराखडा करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचे (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ दंतवैद्याचे) नाव आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक लेखी मागा, आणि ते प्रत्यक्ष तपासणार नसतील तर तिथूनच परत फिरा. आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने 'परतावा नाही' या अटीकडे बोट दाखवले. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करत आहोत. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सगळे संदेश आणि उरलेले सोळा सीलबंद ट्रे पुरावा म्हणून कपाटात ठेवले आहेत. हप्ता मात्र अजूनही दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो.