हिवाळी राय: बियाणे उत्तम, पाकिटावरची सूचना अपुरी

सिएटलच्या परिसरात परसबाग करणाऱ्यांसाठी, हिवाळ्यात माती झाकायला आणि मग खत म्हणून मातीत गाडायला पेरल्या जाणाऱ्या हिवाळी रायच्या बियाण्याचा माझा दोन हंगामांचा अनुभव येथे नोंदवीत आहे. राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे, ते गव्हाच्या जवळचे तृणधान्य आहे. आणि अंगणातल्या लॉनसाठी विकले जाणारे 'रायग्रास' हे वेगळेच गवत असल्यामुळे खरेदी करताना नाव नीट वाचून घ्यावे.

सप्टेंबरअखेरीस टोमॅटोची झाडे काढून 100 चौरस फुटांच्या वाफ्यात मी पाव पौंड बी फोकले आणि दाताळ्याने मातीत मिसळले. आठवडाभरात तांबूस-जांभळे कोंब वर आले आणि पावसाचा जोर वाढण्याआधी वाफा भरून गेला. येथील हिवाळी पावसात उघड्या मातीतले नत्र धुऊन जाते, ते रायची दाट, तंतुमय मुळे धरून ठेवतात. या कामात बियाण्याला मी पूर्ण गुण देते.

माझी तक्रार पाकिटावरच्या सूचनेबद्दल आहे. 'वसंतात मातीत गाडावे' एवढेच तेथे छापले आहे. बर्फाळ प्रदेशात एप्रिलच्या सुरुवातीला राय वीतभरच असते, म्हणून तेथे ते पुरेसे असेल. पण येथील सौम्य थंडीत ती मार्चअखेर गुडघ्याला लागते, आणि तेव्हा माती इतकी ओली असते की वाफसा येण्याची, म्हणजे माती मशागतीजोगी सुकण्याची, वाट पाहता पाहता पीक पोटरीत येते, म्हणजे पानांच्या आवरणात ओंबी भरू लागते. पहिल्या वर्षी मी गावाकडच्या सवयीने, ताग गाडतात तशी, ती फुलोऱ्यात गाडली. ताग द्विदल असल्यामुळे त्याच्यात नत्र भरपूर असते; फुलोऱ्यातली राय मात्र जवळजवळ काडीच झालेली असते आणि ती कुजवणारे जिवाणू मातीतलेच नत्र वापरतात. माझी मिरचीची रोपे महिनाभर पिवळी राहिली.

दुसऱ्या वर्षी अर्धा वाफा मार्चअखेर, पोटरी धरण्याआधी कापला आणि त्यावर पाच आठवडे काळी ताडपत्री अंथरली, कारण इतक्या लवकर नुसती कापलेली राय पुन्हा फुटते. उरलेला अर्धा वाफा मेअखेरपर्यंत तसाच ठेवला. ओंबीला बोट लावताच पिवळे पराग उडू लागले, तेव्हा विळ्याने जमिनीलगत कापून काडी जागच्या जागी पसरली आणि तिच्यातच टोमॅटोची रोपे लावली. ती राय पुन्हा फुटली नाही आणि जुलैपर्यंत खुरपणी जवळजवळ करावी लागली नाही. बारीक बियांना मात्र रायच्या अवशेषांतील द्रव्ये बाधतात. गाजर किंवा लेट्यूस थेट पेरायचे असल्यास किमान तीन-चार आठवडे थांबावे.

हे बियाणे मी पुन्हा घेणार आहे. यंदा त्याचे प्रमाण निम्मे करून सोबत द्विदल व्हेच पेरणार आहे, म्हणजे काडीबरोबर नत्रही मातीत जाईल.