अलिबाग ते पवनी: परतीच्या आयशरमधून आलेली माझी बोट

आधी मोजमाप सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच अडतं. जुनी फायबरची बोट, लांबी १६ फूट २ इंच, सगळ्यात रुंद जागी ५ फूट १ इंच, वजन अंदाजे अडीचशे किलो, इंजिन नाही. अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून निघाली आणि भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आमच्या गावी उतरली. अंतर साधारण सव्वानऊशे किलोमीटर. गाडी १७ फुटी आयशर, भाडं टोल धरून १९,००० रुपये. गाडीचा मालक आणि डायवर एकच, आमच्याच भागातला. वाशीला तांदूळ टाकून तो रिकामा परत येणार होता. नाव टाकू नका असं त्यानं सांगितलं आहे. एकटा माणूस, एक गाडी, गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. पण पवनी-भिवापूर भागातल्या राइस मिलवर "वाशीची फेरी करणारा आयशरवाला" विचारलं की पत्ता लागतो.

बोट कशाला, हे गावात अजूनही विचारतात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडली गेली आणि वैनगंगा आमच्या आळीत शिरली. आमचं गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे. त्या दिवशी आम्हाला बाहेर काढलं ते शेजारच्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) भावांच्या दोन डोंग्यांनी. डोंग्यात एका वेळी तीन माणसं, तीही हलायचं नाही, बोलायचं नाही. माझी आई डोंग्याच्या दोन्ही कडा धरून डोळे मिटून बसली होती. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, हातानं दुरुस्ती करणं हेच काम. तेव्हापासून मनात होतं की एखादी रुंद बुडाची जुनी बोट मिळाली तर आपण ती उभी करू शकतो. एरवी मासेमारीला भाऊ लोक वापरतील, पुरात सगळ्यांच्या कामी येईल.

ही बोट ३५,००० ला मिळाली. विकणाऱ्या काकांनी काही लपवलं नाही. नाण्यानं सगळीकडं टकटक करून पाहिलं. बाजूंना टणटण आवाज, बुडालाही टणटण, आणि इंजिन टांगायच्या मागच्या फळीवर आल्यावर बद्द. फायबरच्या आत प्लायवूड असतं, त्यात पाणी मुरून ते कुजलं होतं. काकांनीच सांगितलं, ही फळी बदलल्याशिवाय इंजिन लावू नकोस. ते मला मान्य होतं. प्रश्न होता तो घरी आणण्याचा.

त्याआधी एका मोठ्या वाहतूकदाराचा अनुभव घेऊन झाला होता. फोनवर सगळं हो, हो. लांबी दोनदा लिहून पाठवली, ५,००० आगाऊ भरले, आणि ठरल्या दिवशी काकांच्या दारात गाडी आली ती १० फुटी हौद्याची पिकअप. सहा फूट बोट मागं लोंबकळत ठेवायची आणि टोकाला लाल फडकं बांधायचं, असा त्यांचा बेत. काकांनी मला फोन लावून दिला, मी नाही म्हणालो. गाडीच्या बाहेर माल निघाला तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये दंड आहे, वर तो माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. दंड बाजूला ठेवा. सहा फूट अधांतरी बोट प्रत्येक खड्ड्याला वरखाली होणार, आणि फाळक्याची (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेची) कडा जिथं टेकते तिथंच फायबर तडकणार. ते ५,००० मला अजून परत मिळालेले नाहीत. लांबी पाठवून भागत नाही. हौद्याची आतली लांबी समोरच्याकडून लिहून घ्या, मगच पैसे द्या.

आयशरवाल्याला फोन केला तेव्हा त्यानं वजन विचारलंच नाही. म्हणाला, "सगळ्यात रुंद कुठं हाय ते सांगा. अन् खालून चपटी हाय का मधात कना हाय?" मी म्हटलं, मधोमध कणा आहे, चारेक इंच खाली येतो. "मंग तनस लागन जी. मी इकडूनच घेऊन जातो." आणि तांदळाच्या कट्ट्यांवर वीस-बावीस रिकामी पोती आणि दोन भारे धानाची तणस (भाताचा पेंढा) बांधून हा माणूस वाशीला गेला. भाडं पक्कं झालेलं नव्हतं, तरी.

तक्रारीची गोष्टही सांगायला हवी. मंगळवारी येतो म्हणाला आणि बुधवारी दुपारी बारा वाजता आला. वाशीला माल उतरवायला उशीर झाला, हे खरं कारण होतं, पण त्यानं ते मला रात्री उशिरा कळवलं. आपल्याकडं तलावाच्या काठावर एक दिवस मागंपुढं झालं तर बिघडत नाही. खाडीत बिघडतं. बोट पलीकडच्या काठाला होती आणि गाडी फक्त अलीकडच्या धक्क्यापर्यंत येत होती. भरती असेल तरच बोट तरंगत धक्क्याला लागते. भरती-ओहोटीत सहा तासांचं अंतर, आणि रोजची वेळ पाऊणेक तासानं पुढं सरकते. गाडी आली तेव्हा पूर्ण ओहोटी, धक्क्यापुढं नुसता चिखल. संध्याकाळी सहापर्यंत आम्ही थांबलो. मंगळवारी ठरवलेले सहा जण बुधवारी कामावर गेले होते, त्यामुळं पुन्हा माणसं गोळा करावी लागली आणि त्यांचे १,८०० मला वेगळे मोजावे लागले. ते मी भाड्यातून कापा म्हटलं नाही, पण आधी कळलं असतं तर वाचले असते.

मात्र पुढचे दोन तास मी जे पाहिलं, त्यासाठी मी हे लिहायला बसलो आहे.

बोट सुलटीच चढवली. सगळ्यात आधी त्यानं मागचं बूच काढायला लावलं. आत साचलेलं पाणी बादलीभर तरी निघालं. हेच पाणी घाटात पुढंमागं हेलकावत राहिलं असतं, असं तो म्हणाला. मग हौद्यात तणस भरलेल्या पोत्यांच्या दोन रांगा घातल्या, मधे कण्यासाठी सरळ गल्ली सोडली. गल्लीतही तणस होती, पण सैल. बोट रांगांवर बसली आणि कणा गल्लीत अलगद टेकला. त्यानं वाकून दोन्ही बाजूंनी हात घालून पाहिलं. एका ठिकाणी पोतं कडक लागत होतं, ते काढून त्यातली दोन मुठी तणस कमी केली, परत शिवलं आणि परत घातलं. दाभण आणि सुतळी त्याच्या खिशातच होती. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतं? तो म्हणाला, "दोर तं कोनीबी ओढते जी. मालाच्या खाली काय हाय ते पाहा लागते. एकाच जागी टेकली तं नागपूर येईस्तोवर तिथंच फुटन."

केबिन आणि बोटीची नाळ (पुढचं टोक) यांच्यामधे चार पोती ठासून भरली, कारण ब्रेक मारला की माल पुढं सरकतो. वरून चार रॅचेट पट्टे आडवे. बोटीच्या काठावर पट्टा जिथं वळतो तिथं प्रत्येक जागी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा. पट्टा आवळताना तो खटका मोजत होता. पट्ट्यावर हाताचं बोट मारून आवाज ऐकायचा आणि थांबायचा. मी स्वतः असतो तर अजून चार खटके आवळले असते आणि काठ आत दबवला असता. जुन्या कड्यांना त्यानं एकही दोर बांधला नाही. "या कड्या लाकडात हायेत, लाकूड सडलं हाय," म्हणाला. मी नाण्यानं वाजवून शोधलं होतं, त्यानं ते नुसतं बघून ओळखलं. ताडपत्रीही घातली नाही. ताडपत्री फडफडली तर रात्रभर बोटीला घासते आणि सकाळी बोट पॉलिश गेलेल्या भांड्यासारखी दिसते.

साडेआठला निघालो. मी केबिनमध्येच होतो. पेणच्या अलीकडं, वीसेक किलोमीटरवर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि चारही पट्टे परत तपासले. दोन सैल झाले होते. तणस दबते म्हणून पहिल्या अर्ध्या तासात एकदा थांबायचंच, असा त्याचा नियम. समृद्धी महामार्ग जिथं सुरू होतो त्या आमणेला पोचेपर्यंत एक वाजला. तिथं पहाटे पाचपर्यंत झोपला. ज्याला घाई आहे त्याला हे आवडणार नाही. मला आवडलं, कारण समृद्धीवर डुलकी लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्या आहेत.

जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाल्यापासून आमणे ते नागपूरजवळचं शिवमडका असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता झाला आहे. बोटीसारख्या मालाला त्याचा खरा फायदा म्हणजे कसाऱ्याचा घाट टळतो. इगतपुरीचा जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि चढ-उतार कळतही नाही. पण रस्ता काँक्रीटचा आहे, सांध्यांवरून गाडी सारखी बारीक थरथरते. खड्ड्याचा धक्का डोळ्याला दिसतो, ही थरथर दिसत नाही आणि पट्टे तीच सैल करते. मालगाड्यांना ८० ची मर्यादा आहे, हा ५५-६० च्या वर गेला नाही. दर दोन तासांनी थांबून पट्टे आणि टायर दोन्ही बघायचा. दुपारी वाशीम-कारंजाच्या पट्ट्यात ऊन चढल्यावर टायरला उलटा हात लावून पाहायचा.

शिवमडक्याला रात्री आठ, मग उमरेड, भिवापूर, निलज, पवनी. गावात पावणेअकराला. रात्री उतरवायचं नाही, हेही त्यानंच सांगितलं.

सकाळी उजेडात बोटीचं एक नुकसान दिसलं. डाव्या बाजूचं एक पोतं घसरलं होतं आणि फाळक्याचा कोयंडा बोटीला टेकला होता. पांढरा थर खरवडून, आतली फायबरची मॅट दिसेल इतका, माझ्या हाताच्या पंजाएवढा पट्टा. पाणी आत जाईल एवढा खोल नाही. तो माझ्या आधी गाडीवर चढला होता. त्यानंच मला हाक मारून दाखवलं आणि ५०० रुपये कमी घ्यायचं स्वतःहून सांगितलं. रेझिन, हार्डनर आणि मॅटचा एक तुकडा मिळून दुरुस्तीला तेवढेच लागले. तुम्ही माल पाठवाल तेव्हा कोयंड्यांवर आधीच ट्यूब गुंडाळून घ्या. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

उतरवणं सगळ्यात सोपं झालं. क्रेन नाही, हायड्रा नाही. गावाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ एका जागी हौद्याच्या उंचीची आहे. त्यानं गाडी उलटी घेत फाळका पाळीला भिडवला, आडवे बांबू टाकले आणि आठ जणांनी बोट बांबूंवरून पाळीवर सरकवली. पाच मिनिटं. ढिवर आळीतली लहान पोरं बोटीआधीच पाळीवर येऊन बसली होती. आईही आली. तिनं काठाला हात लावला, रुंदी पाहिली आणि विचारलं, यात किती माणसं बसतील? मी म्हटलं, सात-आठ.

आता उणं काय ते. बिल्टी (माल नेल्याची पावती) मागितल्याशिवाय मिळत नाही. मी मागितली तेव्हा त्यानं वहीच्या पानावर लिहून दिली, त्यावर बोटीची किंमत मी लिहून घेतली. मालाचा विमा नाही. गाडीच्या थर्ड पार्टी विम्यात आपला माल येत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. महाग इंजिन सोबत असेल तर विमा वेगळा काढा किंवा इंजिन दुसऱ्या मार्गानं आणा. राज्यातल्या राज्यात १ लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, त्यामुळं माझी ती अडचण आली नाही. तरी स्टँप पेपरवरचं विक्रीपत्र मी केबिनमध्येच ठेवलं होतं आणि वाटेत एकदा दाखवावंही लागलं. तारखेचं मात्र त्याच्याकडून पक्कं धरू नका. दोन दिवस हातात ठेवा, आणि समुद्रकाठावरून आणत असाल तर त्या दोन्ही दिवसांच्या भरतीची वेळ आधी विचारून घ्या.

शहरातल्या दोघांनी ४०,००० च्या वर भाव सांगितला होता. मी पैसे वाचले म्हणून समाधानी नाही. ४०,००० देऊनही तणस दोन मुठींनी कमी करणारा माणूस मिळाला असता का, याची मला खात्री नाही.

बोट आता कडुनिंबाखाली पालथी आहे. कुजलेली फळी कापून काढली, आतलं लाकूड हातानं चुरगाळत होतं. पुढच्या फेरीत तोच माझ्यासाठी वाशीहून आयएस ७१० चं १८ मिमी मरीन प्लाय आणणार आहे. शीट उभी आणायची की आडवी, हे विचारायला काल त्याचा फोन आला होता.