सिमवरचा ४जी राउटर, काही महिन्यांच्या वापरानंतर: कांड्या भरलेल्या, नेट मात्र रांगतंय

ठिकाण कोकणातलं जांभ्याचं घर, टॉवर साधारण दोन किलोमीटरवर, मधे आंबा-काजूची झाडं. फायबर पोचलेलं नाही. राउटर कॅट-६ (४जीच्या वेगाचा एक वर्ग), मागे बाहेरच्या अँटेनासाठी दोन एसएमए, म्हणजे आट्यांची छोटी सॉकेट.

यंत्र चांगलं आहे, पण ऑटोवर ठेवलं की ते ८५० मेगाहर्ट्झच्या बँड ५ ला (बँड म्हणजे लहरींचा ठरलेला पट्टा) चिकटून बसतं. ही लहर भिंतीतून आत येते, म्हणून कांड्या पाचही दिसतात. पट्ट्याची रुंदी मात्र बहुतेक ठिकाणी ५ किंवा १० मेगाहर्ट्झच. ५ मेगाहर्ट्झमध्ये कागदावरच कमाल ३७ एमबीपीएसच्या आसपास, आणि तीही अख्ख्या गावात वाटायची. शिवाय ८५० लांब जाते, त्यामुळे पलीकडच्या डोंगरावरचे टॉवरही कानात ओरडतात. इथे आरएसआरपी (सिग्नलची ताकद, शून्याच्या जितकी जवळ तितकी जास्त) उणे ७६, एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ, जास्त तितका चांगला) जेमतेम २, संध्याकाळी वेग २-३ एमबीपीएस. तोच राउटर बँड ४० वर, म्हणजे २३०० ला लावला की आरएसआरपी उणे १०४, एक कांडी. पण एसआयएनआर १४ आणि वेग २०च्या वर. कांड्या बघणं सोडा, एसआयएनआर बघा.

सेटिंगमध्ये फक्त ४० वर कुलूप लावू नका. ५ ची खूण काढा, ३ आणि ४० राहू द्या. २३०० गेलं तर १८०० हाताशी राहतं.

खरा पैसा वाया जातो तो केबलमध्ये. मोकळ्या हवेतसुद्धा ८५० च्या तुलनेत २३०० साडेआठ डीबीने (डीबी म्हणजे सिग्नलच्या वाढ-घटीचं माप) कमी पोचतं, म्हणून लोक १० डीबीआयचा, म्हणजे सिग्नल साधारण तेवढ्या डीबीने वाढवणारा अँटेना घेतात आणि त्याला दहा मीटर आरजी-५८ ही बारीक केबल जोडतात. ती केबल २३०० ला जवळपास १० डीबी खाते, हिशेब शून्य. एलएमआर-४०० जाडीची घेतली तर अडीच डीबीच्या आत भागतं. त्याहून बरं म्हणजे राउटरच वर न्यायचा, दोन मीटर केबल ठेवायची आणि खाली लॅन वायर सोडायची. पत्र्याखाली मात्र नको, एप्रिलमध्ये तापून बंद पडतो. अँटेना दोन हवेत, एक ४५ अंश डावीकडे, दुसरा उजवीकडे झुकलेला. वायफायची आरपी-एसएमए (एसएमएसारखीच, पण पिन उलट बाजूला असलेली) केबल आटे बसतात म्हणून फसवते. आत दोन्हीकडे छिद्रच येतं, पिन नसते, म्हणून जोड होत नाही. पावसाने २३०० अडत नाही. अडवतात ओली पानं आणि जोडात शिरलेलं पाणी. जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप गुंडाळा.

बँड ४० संपतो २४०० ला आणि तिथूनच वायफाय सुरू होतं. एकाच डब्यात दोन्ही असल्याने चॅनल १ वर वायफाय अडखळतं. ११ ठेवा, किंवा ५ गिगाहर्ट्झ वापरा.

अमेरिकेतून भाऊ राउटर आणतोय? आधी बँडची यादी मागवा. तिकडच्या बऱ्याच मॉडेलांत ४० नसतो. ५ वर चालेल, रेंजही दाखवेल, रडवेल. ५जी घेणाऱ्यांनी एन७८ (३३०० मेगाहर्ट्झचा ५जी बँड) सोबत एन२८ (७०० चा) आहे ना ते बघावं, जांभ्याच्या भिंतीला ३३०० झेपत नाही. आणि बाजारातला मोबाइल सिग्नलचा बूस्टर घेऊ नका. परवानगीशिवाय तो बेकायदा आहे, वर शेजाऱ्यांचंही नेट बिघडवतो.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण फर्मवेअर अपडेट झालं की बँडची निवड पुसली जाते आणि राउटर गुपचूप ८५० वर परततो.