गुलाबी बाटलीतले ‘विषाणूसंरक्षण’: तीन आठवडे वापरून पाहिल्यानंतर

एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा ४० अंशांपुढे गेला की दिवसभर दुकानात बसणाऱ्या बाईला घामाचा जो त्रास होतो, त्यावर उपाय म्हणून मी नवी पेठेतून हा इंटिमेट वॉश, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरचा भाग धुण्याचा द्रव साबण, आणला. १०० मिलिलिटरच्या बाटलीवर ‘विषाणूंपासून संरक्षण’ अशी ठळक अक्षरे आहेत. ‘केवळ बाह्य वापरासाठी’ ही सूचना मात्र मागच्या बाजूला, किमतीच्या चिकटपट्टीखाली अर्धी झाकलेली, तीही चष्मा लावल्यावर सापडली.

घामापुरते बोलायचे तर माल वाईट नाही. फेस बेताचा, पंप गळत नाही, गुलाबाचा वास जरा जास्तच. तिसऱ्या आठवड्यात कोरडेपणा आणि जळजळ सुरू झाली, तेव्हा बाटली पिशवीत घालूनच मी डॉक्टरबाईंकडे गेले.

“आतूनही धूत होतात का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. मी गप्प राहिले.

योनीमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू ग्लायकोजेन या पेशींत साठलेल्या पदार्थापासून सुटणाऱ्या साखरेवर जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात; त्यामुळे पाळीच्या वयात तिथला पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि अनेक रोगजंतूंना, काही विषाणूंनाही, तिथे टिकणे जड जाते. गर्भाशयमुखातून पाझरणारा चिकट स्राव विषाणूंना अडकवून ठेवतो, आणि त्यात प्रतिपिंडे, तसेच लायसोझाइम, लॅक्टोफेरिन ही जंतूंशी लढणारी प्रथिने असा सगळा फौजफाटा असतो. ज्याला मी अस्वच्छता समजून रोज धुऊन काढत होते, तो हाच स्राव. विषाणू मारणारे रसायन म्हणजे संरक्षण, हा हिशेबही फसवा आहे: नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक प्रयोगशाळेत एचआयव्ही मारते, पण ते वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांच्या चाचणीत योनीच्या अस्तराला इजा होऊन संसर्गाचा धोका उलट वाढलेला आढळला.

अर्थात ही तटबंदी अभेद्य नाही. एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून पसरणारा विषाणू सूक्ष्म ओरखड्यांतून अस्तराच्या तळापर्यंत पोचतो. बहुतेक संसर्ग शरीर दोनेक वर्षांत आवरते, पण टिकून राहणाऱ्या संसर्गातूनच पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. त्यावर लस आणि नियमित तपासणी आहे, साबण नाही.

म्हणून पाचपैकी दोन तारे: एक पंपाला, एक बाहेरच्या घामाला. ‘विषाणूंपासून संरक्षण’ या ओळीला शून्य, आणि ती सूचना समोर छापेपर्यंत तिसरा तारा देणार नाही.