गावातली नवी सरकारी इमारत: सांगाडा उत्तम, तळमजला चुकतोय

सांगलीच्या मध्यवस्तीत, एसटी स्टँडवरून चालत जाता येईल अशा ठिकाणी एका सरकारी कार्यालयाची बहुमजली इमारत उभी राहतेय. पहिला स्लॅब पडलाय, दुसऱ्याची सळई बांधणं चालू आहे. जागा पटली. जिल्हाधिकारी कार्यालय विजयनगरला आहे, त्यामुळे जत, आटपाडी, शिराळ्याहून आलेल्या माणसाला स्टँडवर उतरून पुन्हा रिक्षा धरावी लागते. इथं तो हेलपाटा वाचेल. सांगाड्याचं कामही एरवी दिसतं त्याहून बरंच सरस आहे. अडचण तळमजल्याच्या नकाशात आहे, आणि ती सोडवायची तर आत्ताच.

आधी पाया. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ फुटिंग (कॉलमखालचा पसरट पाया) टाकलं की काही वर्षांत भिंतींना तिरप्या चिरा जातात. इथं पाइल, म्हणजे जमिनीत खोल भोक पाडून भरलेले काँक्रीटचे खांब, घेऊन खडकात टेकवलेत. भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइट या चिकणमातीचं पातळ मिश्रण वापरलं, आणि काँक्रीट ट्रेमी नावाच्या, तळापर्यंत सोडलेल्या लांब पाइपातून तळापासून वर भरत आणलं. हे काम बहुधा घाईनं बिघडतं. पाइप भराभर वर ओढला की त्याचं तोंड काँक्रीटबाहेर येतं, गाळ आत शिरतो आणि पाइल मधेच बारीक होतो. तोंड किमान २ मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं हवं, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा मोजणारा आकडा) १५० ते १८० मिमी हवा. इथं पाइलची डोकी जास्त भरून मग तोडलीत. तोडलेल्या जागी एकसारखं करडं काँक्रीट दिसतं, मातीचा पापुद्राही नाही.

कॉलम-बीमच्या सांध्यात डोकावून पाहिलं की सळई बांधणाऱ्या फिटरची लायकी कळते. तिथं गजांची इतकी दाटी असते की रिंगा, म्हणजे उभ्या गजांना बांधणारी आडवी कडी, घालायचा कंटाळा केला जातो. इथं सांध्यातही रिंगा आहेत, आणि त्यांची टोकं १३५ अंशांत वळवून गाभ्यात घुसवलीत. नुसती काटकोनात दुमडलेली टोकं भूकंपाच्या धक्क्यात उघडतात: सळईवरचा काँक्रीटचा थर गळतो, रिंग सुटते, उभे गज वाकतात. कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगांतलं अंतर १०० मिमीच्या वर जाऊ नये, ते इथं पाळलंय. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत सांगली भूकंप-धोक्याच्या झोन तीनमध्ये आणि कोयना परिसर झोन चारमध्ये आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या भागात ही शिस्त हवीच.

क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, मात्र ढिलं आहे. कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट दुपारी कोरडं खडखडीत असतं. पीपीसी (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला किमान १० दिवस ओल लागते, कडक उन्हात १४. पाणी दिवसातून दोनदा मारून भागत नाही, गोणपाट सतत ओलं राहिलं पाहिजे.

आता तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. मारुती चौक, हरभट रोड पाण्यात होते. २००५ आणि २०२१ चे पूरही गावानं पाहिले. तरीही या नकाशात इलेक्ट्रिक पॅनेल, जनरेटर, फायर पंप आणि रेकॉर्ड रूम हे चौघंही तळमजल्यावर आहेत. जोतं (तळमजल्याच्या जमिनीची उंची) रस्त्यापासून तीन फूट उचललंय, तेवढ्यावर विसंबून. आयर्विनचे फूट नदीच्या मोजपट्टीवरचे, ते रस्त्यावर साचलेल्या पाण्याचे फूट नव्हेत. २०१९ च्या पाण्याची खूण शेजारच्या जुन्या भिंतींवर शोधायची, लेव्हल यंत्रानं तिची उंची मोजून ती जोत्याशी ताडून पाहायची आणि मगच कुठली खोली कुठं ते ठरवायचं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो रेकॉर्डसाठी. रुमालात बांधलेली दप्तरं एकदा भिजली की पानं एकमेकांना चिकटतात, शाई फुटते, आणि कुणाच्या तरी जमिनीचा पुरावा कायमचा जातो. ही खोली दुसऱ्या मजल्यावर न्यावी. पण नुसती पाटी बदलून ती नेता येत नाही. कार्यालयाच्या जागेचा भार चौरस मीटरला २५० ते ४०० किलो धरतात, फायलींच्या साठवणीला ५००, आणि रुळांवर सरकणारी कपाटं आली तर त्याहून बरंच जास्त. डिझायनरनं तेवढा भाग नव्यानं तपासून स्लॅब-बीमची सळई वाढवायला हवी. दुसरा स्लॅब अजून भरलेला नाही, म्हणून हे आज शक्य आहे. काँक्रीट पडल्यावर हेच काम महाग आणि अर्धवट होईल.

पॅनेल आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर जावेत. फायर पंपाला टाकीशेजारी राहणं भाग असेल, तर व्हर्टिकल टर्बाइन पंप घ्यावा. त्याची मोटर पूररेषेच्या वर ठेवता येते. जमिनीखालची टाकी पुराच्या दिवसांत रिकामी ठेवू नये, खालून येणारा पाण्याचा दाब रिकामी टाकी उचलतो.

पार्किंगसाठी अर्धा तळमजला बिनभिंतीचा ठेवलाय. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत अशा उघड्या तळमजल्याच्या कितीतरी इमारती बसल्या. लिफ्टभोवतीची काँक्रीटची भिंत पायापर्यंत आणलीय, हे चांगलं. पण ती एका कोपऱ्यात आहे. समोरच्या बाजूलाही तशी भिंत नसेल तर इमारत धक्क्यात पिळवटेल.

जिना १५० मिमी चढाचा आणि ३०० मिमी पायरीचा आहे, म्हाताऱ्या माणसालाही झेपेल. लोकांची कामं होणाऱ्या खिडक्या मात्र वरच्या मजल्यांवर विखुरल्यात, त्या पहिल्या दोन मजल्यांवर आणल्या तर लिफ्टसमोरची रांग निम्मी होईल. पश्चिमेची सलग काच एप्रिल-मेमध्ये तापेल, तिला बाहेरून छज्जे हवेत.

शेवटचं काम प्लास्टरआधी करून घ्यायचं. पुराचं पाणी दारातून येण्याआधी चेंबरमधून उलटं वर येतं. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ड्रेनेज लाइनवर नॉन-रिटर्न (पाणी उलटं न येऊ देणारा) व्हॉल्व्ह हवा, आणि त्याच्यावर उघडता येईल असं झाकण. झाकण फरशीखाली गेलं तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो उघडाच राहतो.