क्रूझवरच्या नाताळाच्या जेवणाला पैठणी न्यावी की हिमरू? दोन्ही कापडांची परीक्षा

क्रूझचे तिकीट निघाले की पाठोपाठ कपड्यांचा प्रश्न येतो आणि त्याचे ठरलेले उत्तर असते: बायकांना गाऊन, पुरुषांना सूट. हे दोन्ही खर्च टाळता येतात. पैठणची पैठणी आणि औरंगाबादी हिमरू ही आपल्याच मराठवाड्यातली दोन कापडे नाताळ आणि थर्टीफर्स्टच्या जेवणाला पुरेशी शोभिवंत आहेत. मात्र जहाजावर दोन्हींचा निभाव सारखा लागत नाही. निकाल आधीच सांगायचा तर हिमरूचे जॅकेट डोळे झाकून न्या. पैठणी हलकी असेल तरच न्या, तीही एका रात्रीपुरती. लग्नातली भरजरी पैठणी कपाटातच राहू द्या.

आधी जहाजाचे नियम बघा, कारण कंपनीगणिक ते बदलतात. कार्निव्हलवर ‘क्रूझ एलिगंट’ नावाची नटण्याची रात्र असते. दोन ते पाच दिवसांच्या सफरीत ती एकदा येते, सहा दिवसांपासून पुढच्या सफरीत दोनदा. नॉर्वेजियनवर नटण्याची सक्तीच नाही. सर्वांत कडक कुनार्ड. तिच्या गाला इव्हनिंगला पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते, पण आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही तिथे चालतो. म्हणजे बंदगळा आणि साडी दोन्ही नियमात बसतात. मुंबईहून गोव्याच्या दोन रात्रींच्या छोट्या सफरीला एवढा थाट लागत नाही. स्वच्छ कुर्ता आणि त्यावर जॅकेट पुरते. बनियनसारखे बिनबाह्यांचे शर्ट, पोहण्याचे कपडे आणि रबरी स्लिपर मुख्य डायनिंग रूममध्ये कुठल्याच जहाजावर शोभत नाहीत, बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात. नटायचेच नसेल त्याने बुफेत जेवावे, तिथे कुणी काही विचारत नाही. नटण्याची रात्र बहुधा जहाज दिवसभर समुद्रात असते त्या दिवशी ठेवतात. तारीख रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर मिळते.

कापड पारखताना जहाजावरच्या तीन अडचणी समोर ठेवल्या आहेत. पहिली इस्त्रीची. आगीच्या भीतीने केबिनमध्ये इस्त्री आणि स्टीमर दोन्हींना बंदी असते. सामान स्कॅन करताना दिसले की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. स्वतः इस्त्री करायची सोय सगळ्या जहाजांवर नसते. रॉयल कॅरिबियनवर नाही, तिथे पैसे देऊन कपडे प्रेसला द्यावे लागतात. दुसरी अडचण दमट, खाऱ्या हवेची. तिसरी म्हणजे दोन-अडीच तास चालणारे जेवण. सूप, सॉस, वाइन, आणि शेजारून ट्रे घेऊन जाणारे वेटर.

आता पैठणी. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे एकमेकांत अडकवून विणतात. त्यामुळे ती उलट-सुलट जवळजवळ सारखीच दिसते आणि मागे लोंबते धागे राहत नाहीत. क्रूझच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे. अंगठी, घड्याळाचा पट्टा, खुर्चीची कड, कशातच पदर अडकत नाही. यंत्रमागावरच्या ‘सेमी’ पैठणीच्या पदराची मागची बाजू बघा. तिथे कापलेल्या किंवा मोकळ्या धाग्यांचे जाळे असते. ब्रेसलेट घातलेला हात त्यात एकदा अडकला की मोराची मान ओढली गेलीच म्हणून समजा.

खरी गोची जरीची आहे. अस्सल जर म्हणजे चांदीच्या तारेला सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड’ जरीत आत तांबे असते. तिसरी प्लास्टिकची, चकाकत्या फिल्मची, आणि ती गरम इस्त्रीखाली आक्रसते. खारी दमट हवा, घाम आणि अत्तर हे जरीचे तिन्ही वैरी जहाजावर एकत्र भेटतात. तांब्याची जर सर्वांत लवकर काळवंडते. अस्सल जरही मंदावते, पण ती पुन्हा उजळता येते. दुसरे असे की जर घडीवर मोडते. काठ-पदर जेवढा भरजरी, तेवढी ती घडी वाईट. आणि बॅगेत घडी पडली की जहाजावर ती काढायला हाताशी काही नसते. गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये कपडे टांगण्याची जी युक्ती सगळीकडे सांगतात, ती सुती आणि पॉलिएस्टर कपड्यांपुरती ठीक आहे. पैठणीवर ती करू नका. वाफेचा थेंब रेशमावर पडला तर डाग राहतो आणि ओल जरीला नको असते.

म्हणून क्रूझला न्यायची पैठणी अरुंद काठाची, पदराला मोजकी वेल किंवा मुनिया (पोपटाची नक्षी) असलेली, अंगभर बुट्टी नसलेली निवडा. नारळी काठाची, साध्या अंगाची पैठणी यात सर्वांत चांगली. एकधोटी विणीची असेल तर आणखी उत्तम. तिच्यात ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रंग वेगळा आणि बाण्याचा वेगळा असल्याने धूपछाँव झळाळी येते, जेवणघराच्या पिवळ्या उजेडात ती जरीवाचूनही भारी दिसते. नाताळाला रंग शोधायची गरजच नाही, हिरवी साडी आणि लाल काठ-पदर हे आपले नेहमीचेच. जानेवारीची सफर असेल तर काळी चंद्रकळा न्या. संक्रांतीलाही चालते आणि ब्लॅक-टाय रात्रीलाही शोभते.

एकतीस डिसेंबरला मात्र पैठणी नकोच. त्या रात्री जेवण डायनिंग रूममध्ये सुरू होते आणि बाराच्या ठोक्याला मंडळी उघड्या डेकवर जमतात. तिथे वारा, दव, ओला डेक आणि शॅम्पेनचे फवारे. सेमी पैठणीचा उपयोग असेल तर तो याच रात्री. तिची जर काळी पडली तर हळहळ तेवढी कमी.

पैठणी घेताना पैठणला जाणे परवडते, संभाजीनगरहून ते पन्नासेक किलोमीटर आहे. तिथे सरकारी पैठणी केंद्रात माग चालू असताना बघता येतो. पैठणीला 2010 पासून भौगोलिक निर्देशांक आहे. दुकानदार सिल्क मार्कचे लेबल दाखवतो ते खोटे नसते, पण त्या लेबलाचा अर्थ एवढाच की रेशीम शुद्ध आहे. हातमाग की यंत्रमाग, जर कसली, हे ते सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो आणि पदराची मागची बाजू स्वतःच उलटून बघावी लागते. दोन-तीन हजारांत हातमागाची रेशमी पैठणी मिळत नाही. कुणी देत असेल तर ती पैठणी नाही. मागावर सांगून विणवून घ्यायची असेल तर दिवाळीनंतर ऑर्डर देऊन नाताळाला हाती येईल या भरवशावर राहू नका.

हिमरूची गोष्ट निराळी. किनखापाची, म्हणजे सोन्या-चांदीच्या तारेने विणलेल्या कापडाची, श्रीमंती कमी खर्चात यावी म्हणून हे कापड रूढ झाले. सुती ताणा, रेशमी बाणा, नक्षीत धातूची तार नाही. क्रूझला नेमका हाच फायदा. जर नाही, म्हणून काळे पडायला काही नाही. सुती ताण्यामुळे अंग भरीव राहते, त्यामुळे सुरकुती पैठणीपेक्षा कमी दिसते, आणि दिसली तरी दाट नक्षीत लपते. जहाजातला एसी कडक असतो, डायनिंग रूममध्ये तर विशेषच. तिथे ही ऊब सोयीची वाटते.

दोष दोन. नक्षीचे जास्तीचे धागे मागच्या बाजूला लोंबते राहतात, आणि कापलेली कड भराभर उसवते. दोन्हींवर इलाज शिंप्याकडे आहे, म्हणून त्याला नीट सांगा. बिनबाह्यांच्या जॅकेटला मध्यम अंगाच्या माणसासाठी 44 इंच पन्ह्याचे सव्वा ते दीड मीटर कापड लागते. नक्षी मोठी असेल तर पाव मीटर जास्त घ्या, नाहीतर पुढच्या दोन भागांवरची फुले बटणपट्टीशी जुळत नाहीत. कापल्याबरोबर चारी कडांना ओव्हरलॉक. शिवणीत एक इंच माया. पुढच्या भागाला हलके फ्यूजिंग (आतून इस्त्रीने चिकटवायचे कापड), जाड नको, नाहीतर जॅकेट पाटीसारखे उभे राहते. आतून पूर्ण अस्तर हवेच, अर्ध्या अस्तराचे जॅकेट दोन-चारदा घातले की आतले धागे ओढले जातात. बटणे साध्या कापडाने मढवलेली. कंगोरे असलेली पितळी बटणे याच कापडाचे धागे उचकटतात. इस्त्री कायम उलट बाजूने, वर सुती फडके ठेवून, मध्यम गरम.

हिमरूच्या नावाखाली पॉलिएस्टर विकले जाते, विशेषतः दौलताबाद-वेरूळच्या पर्यटकी वाटेवर. रिक्षावाला आपणहून नेतो त्या दुकानात दुप्पट सावध राहा. कडेचा एक धागा काढून जाळून बघू द्या म्हणावे. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते. कृत्रिम रेशीम, म्हणजे व्हिस्कोस, कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. व्हिस्कोसचे हिमरू आज भरपूर मिळते. जॅकेटला ते चालते, फक्त ओले झाले की कमजोर पडते. पॉलिएस्टरचे घेऊ नका, त्याची चमक कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये फार वाईट येते, आणि नटण्याच्या रात्री जहाजाचे फोटोग्राफर जिन्याजिन्यावर उभे असतात.

हिमरू थोडेच वापरावे. गडद निळा किंवा काळा बंदगळा आणि खिशाला हिमरूचा रुमाल, किंवा पांढरा कुर्ता-पायजमा आणि वर हिमरूचे जॅकेट, एवढ्यावर थांबा. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत हिमरूची शेरवानी घातली तर नवरदेव चुकून जहाजावर आला की काय असे वाटते. बायकांसाठी एकरंगी सिल्क साडीवर किंवा लांब ड्रेसवर हिमरूची शाल, हा या सगळ्या परीक्षेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी कटकटीचा पर्याय. काही कंपन्या सफरीत एक रात्र पांढऱ्या कपड्यांची ठेवतात, तिला मोतिया रंगाची हिमरू शाल उपयोगी पडते.

मशरू हे तिसरे कापड. बाहेरून रेशमी ताण्याची तकाकी, आत अंगाला लागणारा सुती बाणा. ब्लाउजला झकास, घाम शोषते. आता मिळते ते बहुतेक गुजरातेतले असते.

मराठवाड्यातून निघणाऱ्यांची खरी कसोटी बोटीपेक्षा रेल्वेत लागते. नांदेड-परभणी-जालन्याकडून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर बर्थखाली दाबलेली बॅग मुंबईत उघडली की घड्या पक्क्या झालेल्या असतात. साडी घडी करून नेऊच नका. कापड दुकानातून थानाची पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, तिच्यावर धुतलेले मलमल गुंडाळा, साडी रुंदीत एकदाच दुमडून, जर आतल्या बाजूला ठेवून, सैल गुंडाळा आणि वरून पुन्हा मलमल. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. डांबरगोळ्याही नकोत, त्यांनी जर काळी पडते. सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात, पण त्या कापडाला थेट लागू देऊ नका. जॅकेट उलटे करून, खांद्यात टॉवेल भरून ठेवा.

बंदरावर मोठी बॅग हमाल घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला काही तास लागतात, कधी कधी जेवणाची वेळ होते. म्हणून पहिल्या रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यांना चुंबकी हुक चिकटतात. चार हुक नेले तर कपडे आल्याबरोबर टांगता येतात. कपाट छोटे असते.

नेसताना साडी नेहमीपेक्षा बोटभर वर ठेवा. ओल्या डेकवर काठ भिजत नाही, आणि बाथरूमच्या दारात उंचवटा असतो त्यात निऱ्या अडकत नाहीत. पिन लावताना रेशमाखाली सुती कापडाचा तुकडा घ्या, म्हणजे भोक वाढत नाही. डोलणाऱ्या जहाजात हातावर मोकळा सोडलेला पदर शेजारच्या ताटात जातो, म्हणून तो खांद्यावर चापून लावा. अत्तर नेसण्याआधी अंगाला लावा आणि वाळू द्या. दीड-दोन इंचांची रुंद टाच पुरे. कोल्हापुरी नेणार असाल तर चांभाराकडून तळाला रबर लावून घ्या, गुळगुळीत चामडे ओल्या डेकवर घसरते.

सॉस सांडला तर चोळू नका. कोरड्या टिश्यूने टिपा आणि तसेच राहू द्या. जरीवर पाणी नको, मीठ तर मुळीच नको. ड्रायक्लीनिंग सगळ्या जहाजांवर नसते, आणि नेहमीच्या लाँड्रीच्या पिशवीत रेशीम टाकले तर ते पाण्यात धुऊन येऊ शकते. डाग कुठला आणि कधीचा हे चिठ्ठीवर लिहून साडीला जोडा आणि घरी पोचल्यावर ती चिठ्ठीसकट ड्रायक्लीनरला द्या. डाग नसेल तर साडी आणि जॅकेट दोन्ही सावलीत दिवसभर वाऱ्यावर टांगा, मगच कपाटात ठेवा.