एसजी टेस्ट चेंडू: शिवण दमदार, चकाकी अल्पायुषी

मेरठचा एसजी टेस्ट हातात घेतला की बोटं आधी शिवणीवर जातात. टाक्यांच्या सहाही ओळी हातानं घातलेल्या, म्हणून ती जाड आणि उभी. ऑस्ट्रेलियातल्या कूकाबुरा चेंडूच्या बाहेरच्या ओळी मशीनच्या असल्यानं ती शिवण लवकर बसते. एसजीची जुन्या चेंडूवरही बोटांना लागते.

खोट आहे ती चकाकीत. आपल्याकडच्या कोरड्या, खरखरीत खेळपट्ट्यांवर ती भराभर उतरते आणि नव्या चेंडूचा स्विंग, म्हणजे हवेतलं वळण, तिथंच आटपतो. मग रिव्हर्सची, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या दिशेनं वळवण्याची तयारी. एकच बाजू घाम लावून पँटवर घासायची, दुसरी कोरडीठाक ठेवायची. थुंकीला आता बंदी आहे. मिडऑफच्या क्षेत्ररक्षकानं ओल्या तळव्यात चुकीची बाजू धरली, की दहा षटकांची मेहनत पाण्यात!

या चेंडूचं चीज केलं ते श्रीरामपूरच्या झहीर खाननं. डावखुऱ्या झहीरचा उजवा हात धावत येताना चेंडू झाकायचा, म्हणजे चकाकती बाजू फलंदाजाला दिसायची नाही आणि चेंडू कुठं वळणार ते कळायचं नाही. ९२ कसोटींत ३११ बळी उगाच नाहीत. (२००७ला ट्रेंट ब्रिजवर त्यानं नऊ घेतले, पण ते इंग्लंडमधल्या ड्यूक्स चेंडूवर.)

घेताना काट्यावर ठेवा: वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम हवं, घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. टाका सैल दिसला तर परत करा. सिमेंटच्या विकेटवर मात्र हा वापरू नका, एका सरावात कातडं सोलून निघतं.